स्टॅटिक मेथड लिहिल्या तर ऑब्जेक्ट ओरिएंटेड राहत नाही का?

प्रश्न सोलापुरातल्याच एका विद्यार्थिनीचा आहे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या. तिने प्रोजेक्ट म्हणून चादर-टॉवेलच्या दुकानाचं बिलिंग जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय. ‘मदत’ नावाचा एक क्लास केला, त्यात चाळीसेक मेथड (एकेक काम करणारे कोडचे तुकडे), सगळ्या स्टॅटिक. बाकीच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर त्या क्लासचा स्टॅटिक इम्पोर्ट, म्हणजे क्लासचं नाव न लिहिता त्यातल्या मेथड वापरू देणारी ओळ, आणि ‘सगळ्याच’ अशा अर्थाचं शेवटी तारांकन. सर म्हणाले, हे ऑब्जेक्ट ओरिएंटेड नाही. तिचं म्हणणं, मग जावाचा स्वतःचा मॅथ क्लास तसाच का आहे? शिवाय ‘मदत’ क्लासलाच स्टॅटिक लावायला गेली तर कंपाइलरने अडवलं. आणि तारांकनामुळे प्रोग्रॅम जड होतो का, हेही तिला हवंय.

मी १८ वर्षं जावात काम करतोय. आधी पुण्यात होतो, आता बरीच वर्षं सोलापुरातच, यंत्रमाग कारखान्यांची आणि पेठेतल्या दुकानांची बिलिंग-स्टॉकची कामं करतो. त्यामुळे तुमचा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात. एखादी गोष्ट स्टॅटिक असावी का, हा रचनेचा प्रश्न आहे. चुकला तर वर्षांनी डोकं वर काढतो. इम्पोर्ट कसा लिहावा, हा नावाचा प्रश्न आहे. त्याचा त्रास फाइल वाचणाऱ्याला होतो, चालणाऱ्या प्रोग्रॅमला जवळजवळ कधीच होत नाही. एका ठिकाणी मात्र हे दोन्ही मिळून फार वाईट फसवतात, तो किस्सा पुढे सांगतो.

आधी स्टॅटिक. क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून काढलेला एकेक नग. स्टॅटिक म्हणजे ती गोष्ट क्लासची, कुठल्या एका ऑब्जेक्टची नाही. पूर्ण प्रोग्रॅममध्ये ती एकच असते आणि सगळे मिळून तीच वापरतात. मग सगळ्यात आधी बघायचं ते हे, की त्या एकाच गोष्टीवर कोणी काही लिहितंय का. कारखान्यात भिंतीवर दोन गोष्टी असतात. एक छापील तक्ता, कुठल्या साइजच्या चादरीला किती सूत लागतं त्याचा. दुसरा फळा, त्यावर मुकादम आजचं उत्पादन लिहितो. तक्ता शंभर जणांनी एकदम वाचला तरी काही बिघडत नाही. फळा दोन पाळ्यांच्या मुकादमांनी एकदम वापरायला घेतला की एकाचं लिहिलेलं दुसरा पुसणारच.

मॅथ क्लास हा तक्ता आहे. १४४ चं वर्गमूळ कोणीही, कधीही मागा, १२ च येणार. त्याला मागचं काही आठवावं लागत नाही, बाहेर कुठे बघावं लागत नाही. म्हणून तो क्लास फायनल आहे (त्याचा पोटक्लास करता येत नाही) आणि त्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवणारा भाग, प्रायव्हेट आहे, त्याचं ऑब्जेक्ट करून मिळण्यासारखं काहीच नाही. एक रँडम मेथड तेवढी वेगळी. ती आत स्वतःचा जनरेटर सांभाळते, आणि दोन थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांनी) एकदम मागितलं तरी चालेल याची काळजी तिथे मुद्दाम घेतलेली आहे. म्हणजे जावा लिहिणाऱ्यांनीही जिथे फळा ठेवला तिथे त्याच्यावर पहारा बसवला.

तुमचा ‘मदत’ क्लास यातला कुठला, हे तुम्ही दिलेल्या नावांवरूनच कळतं. रक्कम अक्षरी, जीएसटी काढ, आजची तारीख, चालू ग्राहक, पुढचा बिल नंबर. पाचही शेजारी शेजारी ठेवलीत, पण पाचांची जात वेगळी आहे.

रक्कम अक्षरी हा स्टॅटिकचा सगळ्यात चांगला नमुना. १४०० द्या, ‘रुपये एक हजार चारशे फक्त’ परत. हिच्यासाठी ऑब्जेक्ट करायला लावणं म्हणजे कारण नसताना काम वाढवणं. ही मेथड स्टॅटिक आहे म्हणून कोणी तुमचे मार्क कापले तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. आपल्याकडच्या पद्धतीने हजार-लाखाचे स्वल्पविराम देणारी मेथड असेल तर तिचंही तसंच.

चालू ग्राहक हे मात्र फळ्यावरचं लिखाण आहे. याच प्रकारच्या चुकीने मला एकदा फार महागात पडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका कारखानदाराच्या दोन फर्म होत्या, एक स्वतःच्या नावाने, एक भावाच्या. दोन्हींची बिलं माझ्याच प्रोग्रॅममधून निघायची. मी ‘चालू फर्म’ नावाचं एक स्टॅटिक व्हेरिएबल ठेवलं होतं. लॉगिन झालं की त्यात फर्म भरायची, मग नाव, पत्ता, जीएसटी नंबर छापताना तिथून घ्यायचं. एका कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्रॅम, एका वेळी एकच माणूस. काही वर्षं तक्रार नाही. मग त्यांना ब्राउझरमधून चालणारं हवं झालं, मी तोच कोड सर्व्हरवर चढवला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, बाहेरगावचे व्यापारी आलेले, दोन कारकून दोन टेबलांवर बिलं फाडतायत. पहिल्याने स्वतःची फर्म निवडली, दुसऱ्याने पाच सेकंदांनी भावाची. पहिल्याचं बिल भावाच्या जीएसटी नंबरवर छापलं गेलं. दोन महिन्यांनी रिटर्न जुळवताना सीएला सापडलं, तोवर अशी ३७ बिलं झाली होती. प्रत्येक व्यापाऱ्याला फोन करून बिल बदलून द्यावं लागलं.

यात कारकुनांची काही चूक नव्हती, चूक पूर्ण माझी. सर्व्हरवर एकाच जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेत) सगळ्यांच्या विनंत्या वेगवेगळ्या थ्रेडवर चालतात. स्टॅटिक व्हेरिएबल मात्र त्या क्लाससाठी एकच, खरं तर क्लास मेमरीत आणणाऱ्या एका क्लासलोडरमागे एक. ‘चालू’ हा शब्दच सांगत होता की ही माहिती कोणातरी एका माणसाची आहे. तेव्हापासून नावात ‘चालू’, ‘सध्याचा’, ‘शेवटचा’ असा शब्द असलेलं स्टॅटिक व्हेरिएबल दिसलं की मी तिथेच थांबतो. चालू ग्राहक हा बिल या ऑब्जेक्टचा भाग करा. बिल बनतानाच त्याच्या कन्स्ट्रक्टरला ग्राहक द्या. सरांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणताना बहुधा हेच अपेक्षित असावं: माहिती ज्याची, त्याच्याजवळ राहावी.

हाच धोका कधी लपूनही येतो. तारीख छापायला सिंपल-डेट-फॉरमॅटचं एक स्टॅटिक ऑब्जेक्ट ठेवायची सवय जुन्या कोडमध्ये सर्रास दिसते. दिसायला ते निरुपद्रवी आहे, फायनलसुद्धा लिहिलेलं असतं. पण त्याच्या पोटात एक कॅलेंडर असतं आणि प्रत्येक वापराला ते बदलतं. दोन थ्रेड एकदम आले की तिसरीच तारीख छापली जाते. फायनलचा अर्थ एवढाच की व्हेरिएबल दुसऱ्या ऑब्जेक्टकडे वळणार नाही. आतलं बदलणार नाही, असं फायनल सांगत नाही. २०१४ साली जावा ८ मध्ये आलेला डेट-टाइम-फॉरमॅटर बदलत नाही, तो खुशाल स्टॅटिक ठेवा.

आजची तारीख. ही काही लिहीत नाही, पण बाहेर बघते, घड्याळाकडे. ती स्टॅटिक असल्याने प्रोग्रॅम चालतो, टेस्ट करताना मात्र अडतं. ३१ मार्चच्या बिलाचा नंबर एका मालिकेतला आणि १ एप्रिलचा दुसऱ्या मालिकेतला येतो का, हे आज तपासायचं असेल तर कॉम्प्युटरचीच तारीख बदलत बसावं लागतं. जावा ८ मध्येच क्लॉक नावाचा क्लास आला तो यासाठी. खऱ्या वापरात खरं घड्याळ द्या, टेस्टमध्ये हव्या त्या तारखेला थांबवलेलं. मॉकिटो या टेस्टिंगच्या लायब्ररीत २०२० पासून स्टॅटिक मेथडलाही खोटं उत्तर द्यायला लावता येतं. जुन्या कोडला मीही ते वापरतो, पण नवा कोड लिहिताना त्याच्या भरवशावर राहणं मला पटत नाही.

जीएसटी काढ ही मधली केस, इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ असंच उत्तर आहे. किंमत आणि दर दोन्ही बाहेरून देत असाल आणि नुसता गुणाकार असेल तर स्टॅटिक ठीक. पण दर कुठला लावायचा हे तीच मेथड ठरवत असेल तर नियम बदलणार, आणि क्रेडिट नोट करताना जुना नियमही लागणार. मग नियम हे ऑब्जेक्ट हवं, कारण स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होत नाही, म्हणजे पोटक्लासला तिच्या जागी आपली मेथड चालवता येत नाही. पोटक्लासमध्ये त्याच नावाची स्टॅटिक मेथड लिहिलीत तर मूळची फक्त झाकली जाते, आणि कोणती चालणार हे कंपाइल करतानाच व्हेरिएबलच्या टाइपवरून ठरून जातं. घाऊक, किरकोळ आणि प्रदर्शनातली सवलत अशा तीन तऱ्हा करायच्या असतील तर इंटरफेस आणि त्याचे तीन क्लास हाच सरळ रस्ता.

‘स्टॅटिक वेगात चालतं’ असं कोणी सांगितलं असेल तर ते कारण मनातून काढून टाका. बिलिंगच्या कामात तो फरक मोजताही येणार नाही, प्रोग्रॅम चालू असतानाच कोड वेगवान करणारा जेआयटी कंपाइलर तो बहुतेक मिटवून टाकतो.

आता इम्पोर्ट. नाव ‘आयात’ असलं तरी काहीही आत येत नाही. इम्पोर्टची ओळ फक्त कंपाइलरला सांगते, की या फाइलमध्ये मी ‘लिस्ट’ म्हटलं की जावा.युटिल.लिस्ट समज. कंपाइल झालेल्या क्लास फाइलमध्ये इम्पोर्टची ओळच नसते, प्रत्येक क्लासचं पूर्ण नाव असतं. त्यामुळे तारांकनाने प्रोग्रॅम जड होत नाही, मेमरी जास्त लागत नाही. क्लास लोड होतो तो प्रत्यक्ष वापराची वेळ आली की. आणि तारांकन फक्त त्याच पॅकेजपुरतं असतं. जावा.युटिलच्या तारांकनात जावा.युटिल.कन्करंट येत नाही. पायथनमध्ये मात्र वेगळं आहे, तिथे पहिल्यांदा इम्पोर्ट करताना त्या मॉड्यूलचा कोड खरोखर चालतो. पायथन आधी शिकलेली मुलं जावात गोंधळतात ती याच जागी.

तारांकनाचा खरा त्रास नावं धडकण्याचा. तुम्ही नुसतं ‘मंगळवार पेठ’ म्हणालात तर सोलापुरात कोणी विचारणार नाही. पण मंगळवार पेठ पुण्यातही आहे आणि कोल्हापुरातही. कुरिअरवाल्याला गाव सांगावंच लागतं. जावात हे प्रत्यक्ष घडलंय. १९९८ मध्ये जावा १.२ आलं आणि जावा.युटिलमध्ये लिस्ट नावाची नवी भर पडली. लिस्ट नावाचा क्लास जावा.एडब्ल्यूटीमध्ये आधीपासून होता. ज्यांनी दोन्ही पॅकेजं तारांकनाने घेतली होती त्यांचा कालपर्यंत चालणारा कोड, एक अक्षर न बदलता, कंपाइल होईना. एकेक नाव लिहून केलेला इम्पोर्ट तारांकनापेक्षा वरचढ ठरतो, म्हणून मी नावंच लिहितो, किंबहुना आयडीईला (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरला) लिहायला लावतो.

स्टॅटिक इम्पोर्ट २००४ मध्ये जावा ५ सोबत आला. त्याआधी लोक नुसते कॉन्स्टंट असलेला इंटरफेस करायचे आणि क्लासचं नाव लिहायचं टाळण्यासाठी तो इम्प्लिमेंट करायचे. ती वाईट सवय मोडायला हा पर्याय दिला गेला. टेस्टमधल्या असर्टच्या मेथडना तो शोभतो, भूमितीच्या सूत्रात साइन-कोसाइनला शोभतो, कारण त्या कुठून आल्या हे वाचणाऱ्याला माहीतच असतं. तुमच्याकडे मात्र बिलाच्या फाइलमध्ये नुसतं ‘काढ’ असं लिहिलेलं सापडतं. ते याच क्लासचं, वरच्या क्लासचं, की ‘मदत’मधलं? तीन जागा शोधाव्या लागतात. ‘मदत’ हे नाव समोर असतं तर शोधावं लागलं नसतं.

आता तो फसवणारा किस्सा. २२ सप्टेंबर २०२५, सोमवार, घटस्थापना. त्या दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. चादरींसारख्या तयार कापडी मालाला आधी प्रति नग १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ टक्के होते. मर्यादा २५०० झाली आणि वरचा दर १८. टक्के मी डेटाबेसच्या टेबलात ठेवले होते, ते आदल्या रात्री बदलले. मर्यादा मात्र ‘करनियम’ क्लासमध्ये पब्लिक स्टॅटिक फायनल इंट होती, १०००. ती २५०० केली, त्या क्लासचा जार (क्लास फाइलींचा गठ्ठा) नव्याने बनवला, गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर टाकला, सर्व्हर चालू-बंद केला. सकाळी पहिलं बिल, १४०० रुपयांची डबल चादर. कर यायला हवा ७० रुपये, आला २५२. म्हणजे १८ टक्के लागले.

सोर्स उघडला, २५०० दिसतंय. जार उघडला, त्यातही २५०० च. दुकानात देवीची आरती चाललेली, काउंटरवर रांग, आणि मला काही सुचेना. शेवटी जेडीकेसोबत येणाऱ्या जावापी या टूलने बिलाची क्लास फाइल उलगडून बघितली. तिच्यात त्या ओळीला करनियमचं नावच नव्हतं. तिथे सरळ ‘सिपुश १०००’, म्हणजे ‘१००० हा आकडा घे’, अशी सूचना होती. प्रिमिटिव्ह (इंटसारख्या साध्या) किंवा स्ट्रिंग टाइपची स्टॅटिक फायनल किंमत कंपाइल करतानाच ठरलेली असेल तर कंपाइलर वापरणाऱ्या क्लासमध्ये तो आकडाच उतरवून टाकतो. मी करनियमचा जार बदलला, बिलाचा जार पुन्हा कंपाइल केला नाही. आणि बिलाच्या फाइलमध्ये स्टॅटिक इम्पोर्ट असल्याने नुसतं ‘मर्यादा’ एवढंच लिहिलेलं, ती दुसऱ्या जारमधून येते हे डोळ्यांना दिसतच नव्हतं. सगळं पुन्हा कंपाइल केलं आणि पाच मिनिटांत सुरळीत झालं.

तीच मर्यादा बिगडेसिमल या टाइपची असती तर हे झालं नसतं, कारण तो ऑब्जेक्ट आहे, त्याची किंमत अशी उतरवून घेता येत नाही. पण मी आता त्यावरही विसंबत नाही. १०० पैशांचा रुपया, असं जे कधीच बदलणार नाही तेच कॉन्स्टंट. सरकार बदलू शकतं ते सगळं टेबलात, ‘या तारखेपासून लागू’ अशा रकान्यासकट.

कंपाइलरने अडवलं त्याबद्दल थोडक्यात. जावात सगळ्यात बाहेरच्या क्लासला स्टॅटिक लावता येत नाही, दुसऱ्या क्लासच्या पोटातल्या क्लासलाच लागतं. आणि तिथे त्याचा अर्थ वेगळा होतो: पोटातल्या क्लासच्या ऑब्जेक्टला बाहेरच्या ऑब्जेक्टची दोरी बांधलेली नसते. हॅशमॅपमधला नोड (एकेक नोंद ठेवणारा पोटातला क्लास) असाच स्टॅटिक आहे. लाखभर नोंदी असतील तर प्रत्येक नोडने आपल्या मॅपकडे जाणारी एक जादा दोरी धरून ठेवण्याची गरज काय? पोटातला क्लास बाहेरच्याचं काही वापरत नसेल तर स्टॅटिकच करा. तुम्हाला हवा होता तसा, ‘याचं ऑब्जेक्टच होऊ नये’ असा स्टॅटिक क्लास सी-शार्पमध्ये २००५ च्या आवृत्ती २ पासून आहे. जावात फायनल क्लास आणि प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर लिहिला की तेच साधतं.

स्टॅटिक ब्लॉकमध्ये फाइल वाचणं किंवा डेटाबेस जोडणं टाळा, हे जाता जाता. तिथे चूक झाली तर पहिल्यांदा इनिशियलायझरचा एरर येतो, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ‘क्लास सापडत नाही’ असा. लॉगमध्ये शेवटचीच ओळ बघणारा माणूस मग दिवसभर जार शोधत बसतो. असं दिसलं तर लॉगमध्ये वर जाऊन सगळ्यात पहिला एरर गाठा.

राहिला पुढचा बिल नंबर. तुमच्या यादीतला सगळ्यात धोक्याचा तोच आहे, म्हणून सुरुवात तिथून करा. स्टॅटिक आकडा एकाने वाढवत नेणं म्हणजे वीज गेली किंवा प्रोग्रॅम बंद झाला की मोजणी पुन्हा १ पासून. जीएसटीच्या नियमानुसार बिल नंबर ओळीने हवा, आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये, आणि १६ अक्षरांच्या आत बसायला हवा. नंबर डेटाबेसमधून घ्या, बिल जतन करण्याच्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही एकत्रच होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. आधी नंबर घेऊन नंतर बिल जतन करत बसलात तर मधेच रद्द झालेल्या बिलाचा नंबर वाया जातो आणि मालिकेत भोक पडतं. मग चालू ग्राहक बिलात हलवा. मग तारीख. रक्कम अक्षरी आणि तिच्यासारख्या मेथड आहेत तिथेच, स्टॅटिकच राहू द्या, फक्त क्लासचं नाव ‘मदत’ऐवजी ‘रक्कम’ ठेवा. म्हणजे स्टॅटिक इम्पोर्ट काढल्यावर ओळ ‘रक्कम.अक्षरी’ अशी वाचली जाईल. सरांना दाखवण्याआधी दोन ब्राउझर उघडून दोन वेगळ्या ग्राहकांची बिलं एकाच वेळी काढून बघा.